बल्गेरियाचं विरजण

मी आजवर सतरा देश रांधले. त्यातला एकही पाहिलेला नाही.

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावात निवृत्त मराठी मंडळींचा एक गट आहे. महिन्यातल्या एका शनिवारी ही मंडळी वसाहतीच्या क्लबहाऊसमध्ये जमतात. कुणीतरी नुकतंच एखादा देश फिरून आलेलं असतं. ते पडद्यावर फोटो दाखवतात, माहिती सांगतात, आणि मग सगळे त्या देशाचं जेवण जेवतात. याला 'देशदर्शन' म्हणतात. दर्शन त्यांच्याकडे, जेवण माझ्याकडे. एरवी मी आठवड्याचे डबे करते. अकरा वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला आले ती इथलीच झाले.

देश रांधायचा म्हणजे काय, ते सांगते. आधी फिरून आलेले लोक यादी देतात. त्यातले निम्मे पदार्थ मांसाचे असतात, ते कापायचे. उरलेल्यातून अंडं काढायचं, कारण चार घरं अंडं खात नाहीत. मग चतुर्थी आहे का ते बघायचं. एवढं झाल्यावर देशाचं जे काही शिल्लक राहील ते चाळीस माणसांना पुरवायचं. मुलगी टॅबवर व्हिडिओ लावून देते, मी आवाज बंद करून हात बघते. स्वयंपाक करणाऱ्याचे हात बघितले की बोलणं ऐकायची फारशी गरज पडत नाही.

देश कुठलाही असो, मागच्या शेगडीवर मोठा कुकर वरण-भाताचा लागतो. तो यादीत नसतो. जेवण झालं की एकेक जण ताट घेऊन हळूच स्वयंपाकघरात येतो आणि विचारतो, "थोडा भात आहे का हो?" पेरूच्या वेळी तर सगळा पेरू उरला आणि वरण संपलं. जपानच्या वेळी भात चिकट हवा होता. चिकट भात केल्याबद्दल शाबासकी मिळाली ती आयुष्यात त्या एकाच दिवशी. नागपूरचे एक भुसारी म्हणून आहेत, अजून नोकरीत आहेत, पण जेवणासाठी येतात. ते खिशात ठेच्याची बाटली घेऊन येतात आणि पहिला घास खाल्ला की जाहीर करतात, "यार, हा देश जरा फिका आहे." इटलीला म्हणाले, ग्रीसला म्हणाले. मेक्सिकोला काही बोलले नाहीत, नुसते दोन ग्लास पाणी प्याले.

बल्गेरिया आला तो डॉक्टरकाकांमुळे. डॉक्टरकाका म्हणजे खांबेटे डॉक्टर. पन्नासेक वर्षांपूर्वी इथे आले, हृदयाचे मोठे डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांची पँट कमरेत सैल झाली म्हणून ते कपडे बेतून देणाऱ्या एका छोट्या दुकानात गेले. दुकान वेसेलिना नावाच्या बाईचं. साठीची, जाड चष्म्याची, तोंडात टाचण्या धरून बोलणारी. काकांनी सवयीप्रमाणे गाव विचारलं. ती म्हणाली, बल्गेरिया, तिथले रोदोपी डोंगर. बहीण अजून तिथेच आहे. स्वतः वीस वर्षांत गेलेली नाही, दुकान कोणावर सोडणार. इथलं काय आवडत नाही असं काकांनी विचारल्यावर ती म्हणाली, "दही." तेवढ्यावर काकांनी बल्गेरियाची तिकिटं काढली. त्यांना निमित्त लागतं, आणि काकूंना बॅग भरायची सवय आहे.

निघायच्या आधी काका माझ्याकडे आले. "सुमनताई, त्या बाईला तिच्या बहिणीच्या हातचं दही खायला घालायचं. इथे. कसं आणू?"

दही विमानातून आणता येत नाही, पण विरजण आणता येतं. मी स्वतः तसंच आणलं होतं. सुती फडकं दह्यात बुडवायचं, सावलीत कडकडीत वाळवायचं, घडी घालून पिशवीत ठेवायचं. पोचल्यावर कोमट दुधात ते फडकं सोडायचं. पहिलं दही पातळ लागतं, दुसरं बरं, तिसरं घरच्यासारखं. माझं विरजण अकरा वर्षं चालू आहे. थंडीच्या दिवसांत पातेलं ओव्हनमध्ये ठेवते, ओव्हन न लावता, नुसता आतला दिवा लावून. तेवढी ऊब पुरते. काकांनी हे सगळं डॉक्टर लोक लिहितात तशा अक्षरात लिहून घेतलं आणि एक नवा पांढरा रुमाल विकत घेतला.

मे महिन्यात ते जाऊन आले. आल्यानंतर तिसऱ्या दिवशी काका-काकू दोघं माझ्या दारात उभे. काकांच्या हातात झिपची पिशवी, पिशवीत रुमाल. त्यांनी सोफ्यावर बसून आधी गोष्ट सांगितली. डोंगरातलं गाव, दगडी छपराचं घर, द्राक्षाचा मांडव. बहिणीने मातीच्या भांड्यातून दही वाढलं. काकांनी तिथेच रुमाल बुडवला, तिच्याच अंगणात दोरीवर वाळवला. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जपून."

मी पिशवी उघडली. रुमालाला इस्त्री होती. चार कोपरे एकावर एक. वास घेतला तर लॅव्हेंडरचा.

मी वर बघितलं. काकांच्या मागे उभ्या असलेल्या काकूंनी हात जोडले होते.

काका गाडी काढायला गेले तेवढ्यात काकूंनी सांगून टाकलं. त्यांची पन्नास वर्षांची पद्धत आहे, प्रवासातून आलं की बॅग उघडायची आणि सगळं उलटं करून मशीनमध्ये ओतायचं. रुमाल काकांच्या शर्टाच्या खिशात होता. गरम पाणी, साबण, वर सुवासिक द्रव. ड्रायरमधून निघाल्यावर रुमाल बघून त्यांना काय झालं ते कळलं. मग घाबरून त्यांनी त्याला इस्त्री केली. इस्त्री का केली हे त्यांनाही सांगता येईना.

"सुमन, पूर्वी एकदा त्यांचा पासपोर्ट धुतलाय मी," काकू म्हणाल्या. "त्यावरून अजून ऐकते. हे नको सांगूस गं."

मी मुकाट्याने मान हलवली. गप्प राहणं मला जमतंच. बोलायचं झालं की पंचाईत होते.

तरी मी प्रामाणिकपणे करून बघितलं. दूध तापवलं, करंगळी बुडवून दहा मोजता येतील इतकं निववलं, रुमाल सोडला. सकाळी बघितलं तर दूध होतं तसंच. फरक इतकाच की त्याला लॅव्हेंडरचा वास येत होता. मुलगी म्हणाली की आई, हे महागडं कॉफीचं दुकान असतं तर विकलं गेलं असतं.

मग मी ठरवलं, आपलं विरजण लावायचं. कोणाचं काय बिघडतंय? काका खूश, काकू सुटल्या, खाणारे आपलेच लोक. दर आठवड्याला माझंच दही डब्यातून खातात, त्यांना बल्गेरिया म्हणून वाढलं तरी पोटात तेच जाणार. मला गंमतही वाटत होती, खोटं कशाला बोलू.

बाकीचा स्वयंपाक काकांनी दिलेल्या यादीप्रमाणे ठरला. यादी वाचता वाचता मला एकेक ओळखीचं भेटत गेलं. टोमॅटो-काकडीवर पांढरं चीज किसून घातलेली कोशिंबीर. भाजलेल्या लाल मिरच्या आणि टोमॅटोची चटणी. भरलेल्या ढोबळ्या मिरच्या. पापडासारख्या पातळ पोळ्यांचे थर आणि मध्ये चीज, असा एक गोल भाजलेला पदार्थ, त्यातलं अंडं मी काढलं. दह्यात पाणी, काकडी, शेपू, लसूण आणि अक्रोड घातलेलं गार सार. पाणी आणि शेपू सोडले तर ती आपली काकडीची कोशिंबीर, अक्रोडाच्या जागी दाण्याचं कूट. शेवटी गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा, म्हणजे पातळ गुलकंद. इतका सोपा देश मला कधी आला नव्हता.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी काकांचा फोन आला. "सुमनताई, वेसेलिना येते आहे. तिला सांगितलं, तुझ्या बहिणीचं दही तयार आहे."

फोन ठेवल्यावर मी पातेल्याकडे बघत बसले. ती येणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवं होतं. हे सगळं तिच्यासाठीच तर चाललं होतं. पण काकूंचे जोडलेले हात बघताना आणि लॅव्हेंडरचं दूध ओतून देताना ती बाई माझ्या डोक्यातून गेलीच होती. काकांना फसवणं वेगळं. वीस वर्षं बहिणीला न भेटलेल्या बाईच्या पुढे माझं दही ठेवून हे तुझ्या घरचं आहे म्हणायचं, हे वेगळं.

मी ठरवलं की आधीच जाऊन तिला खरं सांगायचं. नुसतं कसं जाणार, म्हणून जावयाची पँट पिशवीत घातली. बसने गेले. माझं इंग्रजी कामापुरतं आहे. भाजी, बिल, बस, डॉक्टर एवढं येतं. वाटेत तीन वाक्यं जुळवली होती. दही माझं आहे. रुमाल धुतला गेला. माफ करा.

दुकानात शिरले आणि ओळख सांगितली तशी वेसेलिनाबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, माझे दोन्ही हात धरले आणि फोनवर बहिणीचा फोटो दाखवला. बहीण, द्राक्षाचा मांडव, कोंबड्या, मागे डोंगर. "तुम्ही दही लावलं ना? डॉक्टर म्हणाले." मी पहिलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण ते निघेना. ती वाट बघत होती. शेवटी मी पिशवीतून पँट काढून टेबलावर ठेवली. तिने विचारलं, किती कमी करू? मी दोन बोटं दाखवली.

पँट उत्तम मापाची होती. जावई आता ती घालतो तेव्हा मोजे दिसतात. हल्ली अशीच फॅशन आहे असं मुलगी त्याला सांगते.

शनिवार आला. क्लबहाऊस भरलं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक खिडकी आहे, तिथून मी सगळे देश बघते. काका छान बोलले. राजधानीतला एक चौक त्यांनी दाखवला. थोडं चाललं की चर्च, मशीद, ज्यूंचं प्रार्थनास्थळ आणि कॅथलिक लोकांचं वेगळं चर्च, सगळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. टेकड्यांवरचं एक जुनं शहर दाखवलं. तिथल्या रोमन काळातल्या दगडी नाट्यगृहात अजून गाण्याचे कार्यक्रम होतात. डोंगरातला मठ दाखवला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींचा. गुलाबांचं खोरं, तिथे ऊन चढायच्या आत फुलं खुडतात. रोदोपीतली गावं, तिथे मुसलमान आणि ख्रिस्ती घरं शेजारी शेजारी आहेत, एकाच्या सणाची भाकरी दुसऱ्याकडे जाते. तुर्की, जिप्सी, आर्मेनियन असे कितीतरी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मार्च महिन्यात सगळे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात आणि बहरलेलं झाड किंवा करकोचा दिसला की सोडून झाडाला बांधतात. आणि तिथले लोक हो म्हणताना मान आडवी हलवतात. काका म्हणाले की यामुळे पहिले दोन दिवस ते उपाशीच राहिले असते, पण त्यांची स्वतःची मान कशीही हलत असल्यामुळे तिकडच्यांचाच गोंधळ उडाला.

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं की तिथे पोळी मिळते का. काका म्हणाले की पोळी मिळते हे बघायला कुणी बल्गेरियाला जातं का. काकू म्हणाल्या, "आम्ही थेपले नेले होते." सगळे हसले. पण एरवी काकू नवऱ्याच्या वाक्यावर आणखी दोन वाक्यं ठेवतात, त्या दिवशी गप्प होत्या. मी खिडकीतून बघत होते. काका पाणी मागायच्या आधी त्या पाणी देत होत्या.

मग काकांनी रुमालाची गोष्ट सांगितली आणि वेसेलिनाबाईंना पुढे बोलावलं. त्या निळा ठिपक्यांचा झगा घालून आल्या होत्या, केस नीट बसवलेले. काकांनी दह्याची वाटी त्यांच्या हातात दिली. माझ्या हातातला डाव कुठे ठेवला ते मला आठवत नाही. मी मनात म्हणत होते की आता ही म्हणणार, हे नाही. आणि तेच बरं.

त्यांनी एक चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. दुसरा चमचा घेतला. आणि मान आडवी हलवली.

पुढच्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग काका ओरडले, "म्हणजे हो."

"हो," वेसेलिनाबाई म्हणाल्या. "घरचं आहे."

टाळ्या पडल्या. काकांनी चष्मा काढून पुसला. मग सगळ्यांना दही वाढलं गेलं आणि मी खिडकीमागे उभी राहून ऐकलं. एक जण म्हणाले की हवेचा फरक आहे, डोंगरातलं गवत. दुसऱ्या म्हणाल्या, असं दही अमेरिकेत लागणारच नाही. भुसारींनी ठेच्याची बाटली काढलीच नाही. ते वाटी घेऊन खिडकीशी आले. "सुमनताई, तुमचं दही चांगलं असतं, नाही असं नाही. पण हे म्हणजे वेगळंच काम आहे." हा माणूस सहा वर्षं माझा डबा खातो. मी म्हटलं, हो ना.

हसू आलं, आणि थोडं लागलंही. सतरा देशांमध्ये इतकं कौतुक पहिल्यांदाच झालं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. ती बाई घरचं म्हणून चमचा चाटत होती, आणि खरं तिथे फक्त मला आणि काकूंना माहीत होतं.

जेवणं चालू असताना वेसेलिनाबाई रिकामी वाटी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. एकट्याच होत्या. मी दार लोटून घेतलं आणि माझी तीन वाक्यं एका दमात म्हणून टाकली. दही माझं आहे, रुमाल धुतला गेला, माफ करा. क्रम बरोबर आला. आवाज मात्र इतका मोठा निघाला की माझी मीच दचकले.

त्या ऐकत होत्या. मग स्टूल ओढून बसल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझी बहीण दही लावत नाही."

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं. त्यांनी पुन्हा सावकाश सांगितलं. आईचं विरजण होतं. आई गेली त्याच वर्षी बहिणीने ते मोडलं. आता ती बाजारातून प्लॅस्टिकची बादली आणते, फोनवर बोलताना मागे टेबलावर दिसते. पाहुणे आले की मातीच्या भांड्यात काढते.

म्हणजे काकांनी साता समुद्रापलीकडून रुमालात बुडवून आणलं ते दुकानातलं दही होतं.

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कसं सांगू? दुकानात आले तेव्हा केवढे आनंदात होते. आणि म्हटलं, एक वाटी खाऊन हो म्हणायचं, त्यात काय." त्यांनी वाटीकडे बघितलं. "पण हे दुकानातलं नाही. हे कोणाच्या तरी घरचं आहे. तेवढंच मी बाहेर बोलले. बाकी डॉक्टर बोलले."

तेवढ्यात काकू ताटांची चळत घेऊन आत आल्या. आमच्या दोघींची तोंडं बघून त्यांनी ताटं खाली ठेवली आणि दार पुन्हा लावलं. मी मराठीत सगळं सांगितलं. काकू हसायला लागल्या ते थांबेनात, पदराने डोळे पुसायला लागल्या. मग एकदम गंभीर झाल्या.

"म्हणजे मी धुतलं ते दुकानातलं दही?"

"हो काकू."

"अगं, मग गेला महिनाभर मी ह्यांच्याशी इतकी गोड का वागत होते?"

हे इंग्रजीत सांगायला मला जमलं नाही, काकूंनीच सांगितलं. वेसेलिनाबाई टेबलावर डोकं टेकून हसल्या. बाहेरून काकांनी विचारलं की आत काय चाललंय. काकू म्हणाल्या, "काही नाही, तुमचंच कौतुक."

काकांना अजून कुणी सांगितलेलं नाही. हे बरोबर केलं असं मला नेहमीच वाटतं असं नाही. ते कार्यक्रमात ही गोष्ट अजून सांगतात, आणि दर वेळी मी भांडी जरा जोरात घासते.

निघताना वेसेलिनाबाईंनी विरजण मागितलं. मी एका छोट्या डब्यात चार चमचे दही दिलं, दूध किती निवू द्यायचं ते करंगळीने दाखवलं. त्यांना ते ठाऊकच होतं. मग त्यांनी पर्समधून कपड्यांवर खुणा करायचा पेन काढला आणि विचारलं, "हे कुठलं?"

मी अल्फारेटा म्हणाले. त्यांनी मान उभी हलवली. या वेळी मला कळलं की हा नकार आहे. "त्याआधी?"

"धामणदरी," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंचं आहे."

सतरा देशांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. त्यांनी तीन वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं, आणि डब्याच्या झाकणावर त्यांच्या लिपीत एक शब्द लिहिला. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. काय लिहिलं होतं ते मात्र मी वाचलं.